वाणाची वही

रायपुरात समता कॉलनीच्या मागच्या अंगाला श्रमसाफल्य कॉलनी म्हणून साठ-सत्तर घरांची वसाहत आहे. नाव ठेवणाऱ्यानं श्रम ठेवले, साफल्य ठेवलं, सावली ठेवायला मात्र साफ विसरला. चाळीस वर्षांपूर्वी वर्धा, अमरावती, यवतमाळकडून रेल्वेत नि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या मंडळींनी सोसायटी करून ही घरं बांधली आणि मधोमध एक मोकळी जागा सोडली. नकाशात त्या जागेवर 'उद्यान' असं लिहिलंय. कॉलनीत तिला बोरिंगचं मैदान म्हणतात, कारण एका कोपऱ्यात बोरिंग आहे आणि उद्यान कुठल्याच कोपऱ्यात नाही.

सत्यभामाबाई उमाठेंच्या स्वयंपाकघराची खिडकी याच मैदानावर उघडते. उरल्याच्या कारखान्यांकडून वारा आला की खिडकीच्या कठड्यावर काळी धूळ बसायची. ती पुसता पुसता त्यांनी पस्तीस वर्षं ते मैदान पाहिलं होतं. कुणाच्या लग्नाचा मांडव, कुणाच्या घराची रेती, कुणाची न चालणारी मारुती व्हॅन, सगळं त्या मैदानानं सोसलं होतं. झाड म्हणावं तर एक बाभूळ, तीही कुणी लावलेली नाही. सिंचन खात्यातली नोकरी संपली, यजमान गेले, मुलगी लग्न होऊन भिलाईला गेली, आणि सत्यभामाबाईंच्या मनानं एकच घेतलं: आपण डोळे मिटायच्या आत या खिडकीतून हिरवं दिसलं पाहिजे. आता हा काही फार मोठा हट्ट नव्हे. पण माणसाला मोठ्या हट्टापेक्षा असले लहान हट्टच जास्त छळतात.

गेल्या वर्षी डिसेंबरात यशवंतराव बोकारे त्यांच्याकडे आले. यशवंतराव निवासी समितीचे अध्यक्ष. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, अक्षर मोत्यासारखं, बोलणं मोजून मापून. उमाठे गेले तेव्हा दवाखान्यापासून मारवाडी घाटाच्या स्मशानापर्यंत चार दिवस हाच माणूस धावला होता. तेव्हापासून सत्यभामाबाई त्यांना भाऊजी म्हणत आणि त्यांच्या शब्दाला दुसरा शब्द जोडत नसत.

"वहिनी, ठेकेदार लोक मैदानाकडे पाहून राहिले," यशवंतराव म्हणाले. "उद्या काय बांधतील, नेम नाही. आपण झाडं लावून टाकू. झाडं असली की कोणी हात लावत नाही."

"मी तं कवापासून म्हणून राहिली, भाऊजी! पण लावन कोण? आणि पाणी घालन कोण?"

"तुम्ही म्हणाल तं बाया करतील. माह्यानं नाही होत."

तो विचार सत्यभामाबाईंच्या डोक्यात रात्रभर घोळला आणि सकाळी चहाबरोबर उत्तर सापडलं. संक्रांत तोंडावर होती. दरवर्षी हळदीकुंकवाला वाण म्हणून त्याच त्या प्लास्टिकच्या डब्या नि चहाच्या गाळण्या. त्या डब्या पुढच्या वर्षी दुसऱ्या घरून फिरून आपल्याकडेच येत. या वर्षी वाण रोपांचं लुटायचं! वाण म्हटलं की बाई नाही म्हणत नाही, आणि वाणात मिळालेली वस्तू टाकतही नाही. लावलेलं झाड मरू दिलं तर ते अशुभ, एवढं मनात असलं की पाणी आपोआप पडेल. पंचांगात रोपं लावायला हे दिवस बरे नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पण बायकांचं मन लागायला याहून बरे दिवस वर्षात दुसरे नव्हते.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मैदानातच हळदीकुंकू झालं. बोरिंगपाशी रांगोळी, एका टेबलावर तिळाच्या वड्या, आणि खाली ओळीनं त्रेचाळीस रोपं: कडुनिंब, करंज, जांभूळ, आवळा, कदंब. सत्यभामाबाईंची जिवाभावाची मैत्रीण मीनाक्षी देवघरे पहाटेपासून खड्डे मोजत होती. मीनाक्षी शाळेत हिंदी शिकवायची, निवृत्त झाली तरी आवाज वर्गातलाच होता. शेजारच्या घरात नवीनच राहायला आलेली पिंकी साहू घाबरत घाबरत आली. तिला मराठी कळत होतं, बोलता येत नव्हतं.

"आंटी, हम लोगों में ये नहीं होता. मैं आऊँ ना?"

"ये बाई, ये. झाडाले कुठं माहीत राहते कोणाची जात-भाषा!"

"हव आंटी," म्हणून पिंकी हसली आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं.

यशवंतराव एक नवी कोरी वही घेऊन आले. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, कचेरीत असते तशी. ते म्हणाले, "ज्या ज्या बाईनं रोप घेतलं तिचं नाव, घर नंबर, सही घेऊन ठेवा. मैदान उद्यान म्हणूनच राखा असा अर्ज मी लिहितो नि सोबत लावतो. सह्या असल्या की कागदाले वजन येते."

आता इथं थोडं थांबून सांगितलं पाहिजे. सत्यभामाबाईंनी चौतीस वर्षं सिंचन खात्यात फायली सांभाळल्या होत्या. कोऱ्या कागदाखाली सही करणाऱ्या ज्युनियर पोरांना त्यांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. साहेबानं घाईत सही केली तर वरची मोकळी जागा त्या स्वतः रेघ मारून बंद करत. पण ही कचेरीची वही नव्हती ना. ही वाणाची वही होती. आणि नव्या वहीचं पहिलं पान देवाचं, हे त्या पाटी-पेन्सिलीच्या वयापासून शिकल्या होत्या. त्यांनी पहिल्या पानावर वर मधोमध सुबक अक्षरात 'श्री' लिहिलं, दोन बाजूंना दोन उभ्या रेघा दिल्या, एक बोट कुंकवाचं लावलं आणि पान उलटलं. दुसऱ्या पानावर क्रमांक एक: सत्यभामा उमाठे. खाली सही. पाठोपाठ बेचाळीस बायकांनी सह्या केल्या. कुणी वरचं पान उलटून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय, श्रीच दिसला असता. संध्याकाळी यशवंतराव अर्जासाठी वही घरी घेऊन गेले.

रोपं लागली. मग खरी परीक्षा सुरू झाली, कारण रायपूरचा उन्हाळा माणसाला ओळख देत नाही. सत्यभामाबाईंनी पाळ्या लावल्या. सकाळी सहाला तीन घरं, संध्याकाळी सहाला तीन घरं. बोरिंग हापसून हापसून मीनाक्षीचा खांदा धरला, तरी तिनं पाळी चुकवली नाही. मे अखेरचे नवतप्याचे नऊ आगीसारखे दिवस तर बायका दुपारीही ओली गोणपाटं घेऊन जात आणि रोपांभोवती गुंडाळून येत. नवरे हसत. नंतर नवरेही बादल्या उचलू लागले, कारण हसण्यापेक्षा बादली उचलणं घरात सोपं पडत होतं. यशवंतरावही रोज सकाळी घरच्या नळाचा पाइप घेऊन उभे राहत. त्रेचाळीसपैकी अडतीस रोपं जगली. पावसाळा झाला आणि कदंब सत्यभामाबाईंच्या खांद्याला लागला. सप्टेंबरात एका सकाळी त्यांनी खिडकी पुसायला फडकं घेतलं आणि पुसायचं विसरून नुसत्या उभ्या राहिल्या. हिरवं दिसत होतं. थोडंसं, विरळ, पण दिसत होतं. त्यांनी भिलाईला मुलीला फोन करून एवढंच सांगितलं आणि तिकडून पोरगी म्हणाली, "आई, तू रडून राहिली काय?"

दिवाळीनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेआठला मैदानात जेसीबी शिरला.

सत्यभामाबाई पोळी तव्यावर टाकून तशाच धावल्या. तोवर बोरिंगच्या बाजूची ओळ गेली होती. आवळे, करंज, सगळी माती वर करून एका कडेला लोटलेली. शेजारी पांढऱ्या गाडीला टेकून ठेकेदार उभा होता, राकेश नावाचा, पस्तिशीतला, बोलायला गोड.

"रोको! कोणाले विचारून करून राहिले तुम्ही? ये बगीचे की जगह है!"

"माताजी, बगीचे की थी. अब फूड ज़ोन बन रहा है, पार्किंग के साथ. नक्शा बदलने के लिए निवासियों की सहमति लगती है, वो हमने लगाई है."

"कोणी दिली सहमती?"

"आप ही लोगों ने दी है." त्यानं मोबाइल काढून पुढे धरला.

पडद्यावर वहीचं पहिलं पान होतं. सगळ्यात आधी सत्यभामाबाईंना त्यांचा स्वतःचा श्री दिसला, दोन बाजूंच्या दोन रेघा, वर कुंकवाचं बोट. त्या श्रीच्या खाली, पान गच्च भरून, हिंदीत लिहिलेलं होतं: आम्ही समस्त निवासी मैदानावर खाद्य-केंद्र आणि वाहनतळ उभारायला स्वखुशीनं संमती देतो, लावलेली रोपं अन्यत्र हलवायला आमची हरकत नाही, सह्या पुढील पानांवर. अक्षर मोत्यासारखं होतं. सत्यभामाबाईंना ते ओळखायला चष्मा लागला नाही. त्यांच्या यजमानांच्या तेराव्याची पत्रिका याच अक्षरात होती.

एव्हाना पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. पिंकीनं मोबाइल हातात घेतला आणि मोठ्यानं वाचलं. मग पान सरकवलं.

"आंटी," ती हळूच म्हणाली, "सबसे पहला साइन तो आपका है."

बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. ज्युनियर पोरांना झापणारी बाई स्वतः कोऱ्या कागदाखाली सही करून बसली होती, आणि वर बेचाळीस जणींना करायला लावून बसली होती.

त्या तडक यशवंतरावांकडे गेल्या. यशवंतराव ओसरीत चहा पीत होते. त्यांचा मुलगा स्वानंद कोपऱ्यात मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं.

"भाऊजी, ते तुमचं अक्षर आहे."

"होय," यशवंतराव म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. नाही म्हणतील अशी सत्यभामाबाईंना आशा होती. ते खोटं बोलले असते तर त्यांनी कदाचित मानूनही घेतलं असतं, इतका त्या माणसावर त्यांचा जीव होता.

"काहून केलं?"

"स्वानंद दोन वर्षांपासून घरी आहे, वहिनी. पुण्याची नोकरी गेली, मंग कुठंच लागलं नाही. रात्र रात्र झोपत नाही पोट्टा. राकेश म्हणाला, संमती आणून द्या, दोन दुकानं याच्या नावानं करतो. बापाले काय काय करा लागते, तुम्हाले काय सांगू."

"मंग मले सांगायचं होतं! मी काही केलं असतं. पोराले नोकरी शोधली असती, मंत्रालयात कोणाचे पाय धरले असते."

"सांगितलं असतं तं तुम्ही सही केली असती काय?"

"नाही."

"मंग?" यशवंतराव अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. "आणि तुमच्याशिवाय बाया आल्या नसत्या, वहिनी. माह्या सांगण्यानं दहाही नसत्या आल्या. तुमच्यावर या कॉलनीत कोणी शंका घेत नाही."

हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. ते कौतुक सत्यभामाबाईंना कानफटात बसल्यासारखं लागलं. म्हणजे डिसेंबरात हा माणूस झाडांसाठी आलाच नव्हता. त्याला त्यांचं नाव हवं होतं, त्यांचा श्री हवा होता. इतकी वर्षं ज्याला भाऊजी म्हटलं त्यानं त्यांची लबाडी पाहून नव्हे, त्यांचा चांगुलपणा पाहून त्यांना निवडलं होतं.

दाराशी गेल्यावर त्या वळल्या. "आणि उन्हाळाभर पाणी काहून घातलं झाडाले? उपटायचीच होती तं?"

यशवंतरावांनी पहिल्यांदा मान खाली घातली. "डोळ्यासमोर वाळताना पाहवत नव्हतं," ते म्हणाले.

सत्यभामाबाईंना त्या क्षणी त्यांची किळस आली. दया आली असती तर सोपं झालं असतं.

दुपारी त्या महापालिकेच्या झोन कार्यालयात गेल्या. तिथला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, फाईल उघडून दाखवली. कागदात काही खोट नव्हती. "मैडम, एक ही रास्ता है. जिन्होंने सहमति दी, उनमें से आधे से ज़्यादा लिखकर वापस ले लें. बाईस साइन ले आइए. सात दिन मैं काम रुकवा देता हूँ, अगले मंगल शाम पाँच बजे तक."

सत्यभामाबाईंनी घरी येऊन अर्ज लिहिला. दोन परिच्छेद, साधे, सरळ: आमच्या सह्या रोपांसाठी होत्या, संमतीचा मजकूर नंतर लिहिला गेला, आम्ही ती मागे घेतो. लिहिणाऱ्याचं नाव त्यांनी आधी टाकलं नाही. मग टाकलं. यशवंत बोकारे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या नावापुढे राव लावला नाही. बावीस सह्या म्हणजे किती! एका दुपारचं काम, असं त्यांना वाटलं होतं.

पहिल्या घरच्या बाईनं सांगितलं, "यांना विचारून सांगते." दुसऱ्या घरी पोट्टीनं दार उघडून आई घरी नाही म्हटलं, आणि आतून आईच्या खोकण्याचा आवाज आला. तिसऱ्या घरी कुळकर्णींच्या सुनेनं अर्ज घेतला, एक एक शब्द वाचला आणि परत दिला. "काकू, राग नका मानू. एकदा सही केली तं झाडं गेली. आता यानं काय जाईल, माहीत नाही."

पिंकीनं सही केली. हात जोडून म्हणाली, "आंटी, मेरे मिस्टर को मत बताना." असं करता करता शुक्रवारपर्यंत सात झाल्या, रविवारपर्यंत अकरा. तोवर कॉलनीत नवीन बोलणं फिरू लागलं होतं. दोन दुकानं यशवंतरावांना, एक उमाठेबाईंना. आता हिस्सा जमला नाही म्हणून बाई उलटली. हे कुणी सुरू केलं ते सत्यभामाबाईंनी शोधलं नाही. दूधवाल्यानं सहज विचारलं, "दुकान में क्या रखोगे, माताजी?" तेव्हा त्यांना कळलं.

तरीही त्या घाबरल्या नव्हत्या, कारण मीनाक्षी बाकी होती. मीनाक्षीची सही त्यांनी घरची म्हणून मुद्दाम शेवटी ठेवली होती. सगळा भजनी मेळा मीनाक्षीच्या शब्दात होता, चौदा बायका. ती एकदा सही करून उठली की त्या चौदाजणी तासाभरात करतील, हा सत्यभामाबाईंचा हिशोब पक्का होता. आठवडाभर मीनाक्षी भेटली नाही, तेवढं एक मनाला लागत होतं. पण तिचा मुलगा नीलेश दिवसभर नोकरीवर, लेक बाळंतपणाला आलेली, घरात कामं, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं होतं. रागावली असेल तर रागावू दे, मैत्रीण आहे, दोन शिव्या देईल.

मंगळवारी दुपारी अडीच वाजता त्या मीनाक्षीच्या दाराशी गेल्या. मीनाक्षी जाळीच्या दाराच्या आत येऊन उभी राहिली.

"ये," ती म्हणाली, पण कडी काढली नाही.

"बसायले वेळ नाही मीनाक्षी, पाचच्या आत नेऊन द्यायचं आहे. तू सही कर आणि मेळ्यातल्या बायांना फोन लाव. रिक्षा उभीच ठेवली मी."

त्यांनी जाळीच्या फटीतून अर्ज आत सरकवला. मीनाक्षीनं तो घेतला. सत्तावीस वर्षं हिंदी शिकवलेली बाई. मुलांच्या वह्यांतली काना-मात्रा तिच्या नजरेतून सुटत नसे. तिनं कागदाकडे पाहिलं, पण वाचला नाही. चार बोटांनी धरून ठेवला.

"ठेवून जा," ती म्हणाली. "नीलेश आला की त्याच्याकडून वाचून घेते. मंग सांगते."

"मीनाक्षी, दोनच परिच्छेद आहेत."

"हो. पण त्याले दाखवलेलं बरं."

यशवंतरावांनी फसवलं तेव्हा सत्यभामाबाईंना राग आला होता, आणि रागाच्या बळावर त्या सात दिवस दारोदार फिरल्या होत्या. आता राग आला नाही. बोरिंगच्या दांड्यावर ज्या बाईच्या हातावर हात ठेवून उन्हाळा काढला, ती बाई जाळीपलीकडून त्यांच्याकडे तसं पाहत होती, जसं त्यांनी गेल्या मंगळवारी राकेशकडे पाहिलं होतं. त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं, तिथंच, रिक्षावाल्यासमोर.

"तुले पण वाटते काय," त्यांनी विचारलं, "की मी दुकान घेतलं?"

मीनाक्षी फार वेळ थांबली नसेल. पण नाही म्हणायला लागतो त्याहून जास्त वेळ थांबली.

"मले काय माहीत, सत्या," ती म्हणाली. "मी नाही म्हणत. लोक म्हणून राहिले."

गल्लीच्या टोकाला रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. तीन वाजायला आले होते.

"नीलेश किती वाजता येते?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"आठ वाजता," मीनाक्षी म्हणाली.